त्वचेवरून सांध्यात

प्रस्तावना

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. पुढच्या वर्षी उजवाही बदलला. आपल्याकडे सांधेरोपणाची चर्चा घराघरांत पोहोचली ती त्या सुमारास. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गाच्या आणखी आवाक्यात आली. आज नात्यागोत्यात वाट्या बदललेले कोणी नाही असे घर शहरात शोधावे लागेल. जिना चढताना रडकुंडीला येणारी माणसे पुन्हा देवदर्शनाला आणि बाजाराला जाऊ लागली आहेत. वैद्यकशास्त्राने गेल्या शतकात सामान्य माणसाला दिलेल्या मोठ्या देणग्यांमध्ये मी या शस्त्रक्रियेची गणना करतो.

मात्र पहिल्यांदा बदललेल्या खुब्यांपैकी आणि गुडघ्यांपैकी शंभरात एक किंवा दोन सांध्यांत जंतुसंसर्ग होतो. तोच सांधा दुसऱ्यांदा उघडावा लागला की हे प्रमाण आणखी वाढते. प्रस्तुत पुस्तक या एकदोघांविषयी आहे. आकडा लहान वाटतो, पण त्यामागचे दुखणे लहान नसते. पुन्हा शस्त्रक्रिया, महिनोन्महिने औषधे, काही काळ सांध्याविना पडून राहणे, आयुष्यभराच्या बचतीचा चुराडा आणि क्वचित पाय गमावणे असा तो प्रवास असतो. परदेशांतील पाहण्यांनुसार अशा रुग्णांपैकी पाचातला एक जण पाच वर्षांत दगावतो. यात वय आणि इतर आजार यांचा वाटा असला, तरी हे प्रमाण काही कर्करोगांच्या पंगतीला बसणारे आहे.

असा संसर्ग झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हलगर्जी कोणाची? ऑपरेशन थिएटर अस्वच्छ होते का? कधी कधी हे खरेही असते. पण बहुतेक वेळा रोगकर्ता जंतू गटारातून किंवा धुळीतून आलेला नसतो. तो रुग्णाच्या किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी त्वचेवर वर्षानुवर्षे निरुपद्रवीपणे राहत आलेला असतो. या संसर्गांपैकी निम्म्याहून अधिकांना स्टॅफिलोकॉकस या एकाच कुळातले जिवाणू कारणीभूत असतात आणि त्यांचे घर म्हणजे माणसाची कातडी आणि नाकपुड्या. हे एकदा नीट समजले की दोषारोपाची भाषा मागे पडते आणि मग या विषयाचा खरा अभ्यास सुरू होतो.

या कुळाची ओळख करून दिली ती स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी. १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना द्राक्षांच्या घडासारखे जमलेले गोल जंतू दिसले. १८८४ मध्ये जर्मनीतल्या रोझेनबाख यांनी या जंतूंची रंगावरून विभागणी केली. सोनेरी वसाहती करणारा तो ऑरियस आणि पांढऱ्या वसाहती करणारा तो अल्बस, ज्याला आपण आज एपिडर्मिडिस म्हणतो. सोनेरी जंतूला वैद्यकाने पहिल्यापासून वचकून वागवले. पांढऱ्याकडे मात्र कित्येक दशके दुर्लक्ष झाले. प्रयोगशाळेच्या अहवालात तो आला की 'नमुना घेताना त्वचेवरून मिसळला असावा' असा शेरा मारून विषय संपत असे. हृदयाच्या कृत्रिम झडपा, कॅथेटर आणि कृत्रिम सांधे यांचे युग आले तेव्हा कळले की निरोगी ऊतींत जो काहीच करू शकत नाही, तो परक्या पदार्थाच्या आधाराने भलताच चिवट होतो.

तिसरा रहिवासी याहून शांत आहे. क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस हा मुरुमांशी जोडला गेलेला जिवाणू तैलग्रंथींत आणि केसांच्या मुळांशी, प्राणवायू फारसा पोहोचत नाही अशा जागी राहतो. २०१६ पर्यंत तो प्रोपिओनीबॅक्टेरियम या नावाने ओळखला जाई आणि जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. चेहरा, छाती, पाठ आणि खांदा या तेलकट भागांत त्याची दाट वस्ती असते. म्हणूनच खांद्याच्या कृत्रिम सांध्यांमध्ये संसर्ग करणाऱ्यांत तो अग्रभागी असतो, त्यातही पुरुषांमध्ये अधिक. तो ताप आणत नाही, पू करत नाही, रक्ताच्या तपासण्याही बऱ्याचदा जवळपास ठीक येतात. रुग्ण एवढेच सांगतो की खांदा आखडतोय, दुखणे गेलेच नाही. असे रुग्ण वर्ष वर्ष फिजिओथेरपी घेत राहतात.

कृत्रिम सांध्याचा इतिहास आणि संसर्गाचा इतिहास हातात हात घालून चालले आहेत. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने झिजलेल्या गुडघ्यांत हस्तिदंती सांधे बसवले. १८९३ मध्ये पॅरिसला झ्यूल-एमिल पेआँ यांनी एका ३७ वर्षांच्या बेकरी कामगाराला प्लॅटिनम आणि कडक केलेल्या रबराचा खांदा बसवला. त्यालाही क्षयच होता. दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला, कारण जखमेतून स्राव थांबेना. दोन्ही ठिकाणी दोष क्षयाच्या जंतूंचा होता, त्वचेवरच्या नव्हे. पण संसर्ग असलेल्या जागी परका पदार्थ टिकत नाही हा धडा तेथे मिळाला आणि पुढची साठ-सत्तर वर्षे त्याने शल्यविशारदांचा पिच्छा पुरवला.

आधुनिक सांधेरोपणाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या जॉन चार्नली यांना हा धडा सर्वांत कडवटपणे मिळाला. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या राइटिंग्टन या जुन्या क्षयरुग्णालयात त्यांनी नोव्हेंबर १९६२ पासून धातू आणि पॉलिथिलीनचा नवा खुबा बसवायला सुरुवात केली. सांधा उत्तम चालला, पण सुरुवातीच्या काळात शंभरात सुमारे सात रुग्णांना संसर्ग झाला. चार्नली यांनी हवेवर संशय घेतला. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात आणि त्यांवर बसून जंतू हवेत तरंगतात. त्यांनी थिएटरमध्ये वेगळा कक्ष उभारला, गाळलेली हवा वरून खाली सोडली आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना उच्छ्वास बाहेर खेचून नेणारे पोशाख घातले. संसर्ग एक टक्क्याच्या खाली आला. या काळात जखम शिवण्याची आणि गाऊनची पद्धतही बदलली होती, तेव्हा यश नेमके कशाचे, हा प्रश्न उरलाच. १९८२ मध्ये ओवेन लिडवेल आणि सहकाऱ्यांनी १९ रुग्णालयांतल्या आठ हजारांवर शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या थिएटरमध्ये १.५ टक्के आणि अतिशुद्ध हवेत ०.६ टक्के खोल संसर्ग असे त्याचे उत्तर होते. प्रश्न मिटला असे वाटले.

तो मिटला नव्हता. त्या अभ्यासात प्रतिजैविके कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. पुढे न्यूझीलंडच्या सांधेनोंदवहीने लॅमिनार हवा (म्हणजे एकाच दिशेने सोडलेली अशी गाळलेली हवा) आणि बंद पोशाख वापरूनही संसर्ग घटलेला दिसत नाही असे दाखवले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांधेरोपणासाठी अशी हवायंत्रणा वापरू नये, अशी सशर्त शिफारस केली. आज एक पक्ष हवेवर भर देतो, तर दुसरा रुग्णाच्या त्वचेवर आणि नाकावर. नाकात ऑरियस बाळगणाऱ्यांना आधीच हुडकून मलम आणि औषधी साबणाने तो कमी केला तर शस्त्रक्रियेनंतरचे संसर्ग घटतात, हे २०१० च्या डच अभ्यासाने दाखवले. माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. जी यंत्रणा कोट्यवधी रुपये मागते तिच्याआधी जी काही शे रुपयांत होते ती करावी, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

परका पदार्थ असताना जंतू इतके बळावतात कसे? १९५७ मध्ये लंडनला एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत ऑरियस टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखोंच्या संख्येने जंतू लागत. तेथे रेशमी टाका घातला की काही शे जंतू पुरत. एका टाक्याची ही कथा, तर मुठीएवढ्या धातूची काय असेल! शरीरात बसवल्यावर काही मिनिटांतच त्या धातूवर रक्तातल्या प्रथिनांचा लेप चढतो. स्टॅफिलोकॉकसच्या अंगी नेमकी हीच प्रथिने पकडणारे रेणू असतात. ते चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. याला बायोफिल्म म्हणतात. कॅनडा आणि अमेरिकेत काम केलेल्या बिल कॉस्टर्टन यांनी १९७० च्या दशकात या कल्पनेला आकार दिला. दातांवरचे किटण ही बायोफिल्म आहे, आणि पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की लागणारा बुळबुळीत थरही तीच. त्या थरातले बरेच जंतू अर्धनिद्रित असतात. प्रतिजैविके वाढत्या जंतूंना मारतात, झोपलेल्यांवर त्यांची मात्रा फारशी चालत नाही. मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडोपट औषध लागू शकते आणि तेवढे माणसाला देता येत नाही. कोर्स चालू असताना बरे वाटते, बंद केला की दुखणे परत येते, याचे कारण हे आहे.

१९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी मांडले की कृत्रिम पृष्ठभागावर जागा पटकावण्याची शरीराच्या पेशींची आणि जंतूंची शर्यत लागलेली असते. पुढच्या संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले आहे. ऑरियस हाडातल्या अतिसूक्ष्म नळ्यांत शिरून बसतो, पेशींच्या आतही राहतो, असे दिसले आहे. पण थर कोवळा असेपर्यंत उपचार सोपे आणि जुना झाला की अवघड, हा व्यवहारातला निष्कर्ष कायम आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे किंवा लक्षणे सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे लाखमोलाचे असतात.

उपचारांत तीन घराणी आहेत असे म्हणता येईल. हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्त्स यांनी १९७० च्या आसपास हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले आणि संसर्ग झालेला सांधा काढून त्याच बैठकीत नवा बसवण्याची पद्धत रूढ केली. न्यूयॉर्कचे जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत मांडली: आधी सांधा काढायचा, काही आठवडे औषधे द्यायची, जागा निर्जंतुक झाली अशी खात्री पटली की मग नवा बसवायचा. मधल्या काळात औषधयुक्त सिमेंटचा ठोकळा, ज्याला स्पेसर म्हणतात, सांध्याची जागा धरून ठेवतो. भारतात बहुतेक शल्यविशारद या दुसऱ्या घराण्याचे. अलीकडे ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने खुब्याच्या बाबतीत एका टप्प्याची पद्धत दोन टप्प्यांहून कमी पडत नाही असे दाखवले (२०२२). दोन शस्त्रक्रियांचा खर्च आणि मधले अंथरूण परवडत नसलेल्या आपल्या रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

तिसरे घराणे स्वित्झर्लंडचे. कोवळा संसर्ग असेल तर सांधा जागेवर ठेवायचा, जखम उघडून कसून स्वच्छ करायची, बदलता येणारे प्लॅस्टिकचे भाग बदलायचे आणि रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाचा आधार घ्यायचा. वेर्नर झिमर्ली यांची १९९८ ची चाचणी अवघ्या ३३ रुग्णांची होती. औषधोपचार पूर्ण करणाऱ्यांत रिफाम्पिसिन मिळालेले १२ पैकी १२ बरे झाले, न मिळालेल्यांत १२ पैकी ७. एवढ्या लहान अभ्यासावर जगभरची पद्धत उभी राहिली, याचे या क्षेत्रातल्या अनेकांना आजही अवघडलेपण वाटते. आपल्याकडे त्यात आणखी एक जबाबदारी येते. रिफाम्पिसिन हे क्षयाचे प्रमुख औषध आहे. ते एकटे दिले तर जंतू झपाट्याने त्याला दाद देईनासे होतात, शिवाय मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा असर ते कमी करते. दुखणाऱ्या गुडघ्यात क्षयच दडलेला असण्याची शक्यताही या देशात विसरून चालत नाही. ते सहज लिहून देण्याचे औषध नाही.

औषधे कोणत्या वाटेने आणि किती दिवस द्यायची यावरही मतभेद होते. शिरेतून आणि तोंडावाटे दिलेल्या औषधांत फरक पडत नाही असे ऑक्सफर्डहून चाललेल्या चाचणीने २०१९ मध्ये दाखवले. सलाइनसाठी सहा-सहा आठवडे रुग्णालयात पडून राहणाऱ्यांची त्यातून सुटका होऊ शकते. कालावधीच्या बाबतीत मात्र फ्रान्समधल्या २०२१ च्या चाचणीत सहा आठवड्यांपेक्षा बारा आठवडे श्रेयस्कर ठरले.

हे सगळे निदानावर अवलंबून आहे, आणि निदान या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग आहे. माझे आयुष्य प्रयोगशाळेत गेले, म्हणून येथे जरा रेंगाळतो. सांध्यातून काढलेला ऊतीचा तुकडा, हरभऱ्याएवढा, आमच्याकडे येतो. तो बारीक करून पोषक माध्यमावर पसरतात. ऑरियस असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तबकडी उघडताच ओळखू येतो. ॲक्निस असेल तर पहिले पाच दिवस तबकडी कोरी असते. रुग्णालयातून फोन येतात, 'रिपोर्ट निगेटिव्ह का?' आठव्या-नवव्या दिवशी प्राणवायूविरहित डब्यातून काढलेल्या तबकडीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके दिसू लागतात. पाचव्या दिवशी तबकडी फेकून देणाऱ्या प्रयोगशाळेला हा जंतू कधीच दिसणार नाही. म्हणून दहा ते चौदा दिवस थांबावे लागते.

आणि ठिपके दिसले तरी तंटा मिटत नाही. हा जंतू सांध्यातला, की कातडी कापताना सुरीबरोबर आत गेलेला, की आमच्याच हातावरचा? म्हणून एकाच तुकड्यावर निकाल देत नाहीत. वेगवेगळ्या जागांहून, वेगवेगळ्या स्वच्छ चिमट्यांनी पाच-सहा नमुने घ्यावेत आणि निदान दोहोंत तोच जंतू सापडावा हा दंडक आता जगभर मान्य आहे. काढलेला सांधा द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी त्यावरचा थर सुटा करण्याची पद्धत मेयो क्लिनिकमध्ये आंद्रेय ट्रॅम्पूझ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तपासली. ऊतींच्या कल्चरमध्ये सुमारे ६१ टक्के संसर्ग सापडत होते, या द्रवात ७९ टक्के सापडले. संसर्ग म्हणायचे कशाला, याचीही व्याख्या अमेरिकी तज्ज्ञांनी २०११ मध्ये केली, २०१३ आणि २०१८ मध्ये फिलाडेल्फियात जगभरच्या तज्ज्ञांनी तिच्यावर खल केला आणि २०२१ मध्ये युरोपीय संघटनेने आपली वेगळी व्याख्या पुढे ठेवली. खांद्याच्या बाबतीत तर कधीही शस्त्रक्रिया न झालेल्या सांध्यांतही ॲक्निस उगवल्याचे अहवाल आहेत. तो तेथे मुळातच राहतो, की नमुन्यात मिसळतो, यावर दोन तट अजून भांडत आहेत.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विषय आज तातडीचा का, ते सांगायला हवे. मधुमेह घरोघरी आहे आणि साखर ताब्यात नसताना केलेली शस्त्रक्रिया संसर्गाला आमंत्रण देते. दुखऱ्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन 'अजून काही महिने ढकलू' असे म्हणणारे कमी नाहीत. त्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर धोका वाढतो. आपल्या शेतकऱ्यांच्या टाचांच्या भेगा आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हे जंतूंचे उघडे दरवाजे आहेत. शल्यविशारदाने एक्स-रे पाहण्याआधी रुग्णाची पावले पाहावीत, बोटे फाकवून पाहावीत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. आदल्या रात्री पाय रेझरने भादरण्याची रीत काही रुग्णालयांत आजही आहे. त्या बारीक कापांत जंतू रात्रभर वाढतात. केस काढायचेच तर ऐनवेळी क्लिपरने काढावेत. यांपैकी कशालाही महागडे यंत्र लागत नाही. त्यात भर म्हणजे स्वीडनने १९७५ पासून गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली, आपल्याकडे मात्र अशी सक्तीची नोंदवही नाही. त्यामुळे आपल्या सांध्यांत कोणते जंतू किती, हे परदेशी आकड्यांवरून ताडावे लागते. येथून प्रसिद्ध झालेल्या अनेक अहवालांत मात्र आतड्यातल्या आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो.

या पुस्तकाचे दोन लेखक, एक अस्थिशल्यविशारद आणि एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, गेली कित्येक वर्षे एकाच रुग्णालयात एकाच टेबलाशी बसून रुग्णांच्या फाइली पाहत आले आहेत. ही गोष्ट दिसते त्याहून दुर्मीळ आहे. बहुतेक ठिकाणी शल्यविशारदाला प्रयोगशाळा म्हणजे एक छापील कागद असतो आणि प्रयोगशाळेला रुग्ण म्हणजे बाटलीवरचा क्रमांक. लेखकांनी जंतूंचे वर्णन पाठ्यपुस्तकासारखे एका जागी कोंबलेले नाही. रुग्णाच्या तक्रारीपासून निघून ते जंतूपर्यंत पोहोचतात. पदव्युत्तर विद्यार्थी, तालुक्याच्या ठिकाणी सांधेरोपण केलेल्यांची देखभाल करणारे डॉक्टर, परिचारिका आणि जिज्ञासू रुग्ण अशा चौघांनाही वाचता येईल असे मराठी त्यांनी लिहिले आहे. एक-दोन ठिकाणी माझे त्यांच्याशी जुळत नाही. खांद्यातल्या ॲक्निसला ते माझ्यापेक्षा लवकर दोषी ठरवतात. पण त्यांनी आपली बाजू पुराव्यांसह मांडली आहे आणि विरुद्ध पुरावाही दडवलेला नाही.

वाचकांपैकी ज्यांनी सांधा बदलून घेतला आहे त्यांना एक विनंती. जखम दहा दिवसांनंतरही पाझरत असेल, सांधा लाल-गरम झाला असेल किंवा बरे वाटत असताना दुखणे नव्याने सुरू झाले असेल, तर औषधांच्या दुकानातून गोळ्या घेऊ नका, जखमेवर हळद दाबू नका. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. सांध्यातल्या पाण्याचा नमुना आधी जाऊ द्या, प्रतिजैविक त्यानंतर. आधी घेतलेल्या चार गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, प्रयोगशाळेपासून लपतात मात्र. खूप ताप, हुडहुडी किंवा ग्लानी असेल तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठा, तेथे औषधाला उशीर चालत नाही. आणि आपल्या सांध्याची कंपनी, आकार आणि क्रमांक छापलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डाबरोबर फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी सांधा उघडावा लागला, तर डॉक्टर ते सर्वांत आधी मागतील.